पाणी चढाय लागलंय का उतराय?

आई मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे रॉटरडॅमला तीन महिने राहून गेली. तिला अ‍ॅम्स्टरडॅमचं राइक्सम्यूझियम दाखवायला नेलं होतं, त्याला आता वर्ष होत आलं. त्या दिवशी तिला फारसं काही आवडलं नव्हतं. वरच्या मजल्यावर रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’समोर ही गर्दी. तिनं ते चित्र मुखदर्शनाच्या रांगेतून विठोबा बघावा तसं माणसांच्या डोक्यांवरून बघितलं, अर्धवट हात जोडले आणि “चल” म्हणाली. टाचा दुखायला लागल्या होत्या. म्हणून खाली आलो. खालच्या दालनांत मध्ययुगाच्या शेवटाकडची चित्रं आहेत, लाकडातले संत आहेत. तिथं गर्दी नसते, उजेडही बेताचा. तिला बाकावर टेकवलं आणि दुपारची गोळी द्यायला पर्स उघडली. मान वर करून बघते तर बाक रिकामा. आई समोरच्या चित्राला जवळजवळ नाक लावून उभी, आणि पहारेकरी तिच्या दिशेनं दोन पावलं सरकलेला.

“हे आपल्यागत झालंय की गं,” ती म्हणाली.

चित्रात पूर होता. मी बाजूची पाटी वाचून तिला मराठीत सांगायला लागले, की ही १४२१ सालची गोष्ट, नोव्हेंबरातली, १८ आणि १९ तारखेच्या मधली रात्र. समुद्राला वादळाचं उधाण आलं, बांध फुटला, दोर्द्रेख्त नावाच्या गावाजवळचा सगळा सखल मुलूख पाण्याखाली गेला. तिनं हात हलवून मला गप्प केलं. “ते नाही विचारत मी. पाणी चढाय लागलंय का उतराय?”

मी चित्राकडे बघितलं. मला सांगता येईना.

ज्यांचं आयुष्य कृष्णेच्या काठाला गेलं नाही त्यांना हा प्रश्न किती मोठा आहे ते कळायचं नाही. सांगलीत पूर आला की दुसरं कुणी काही विचारतच नाही. पाणी कुठवर आलंय, हे सगळ्यांना दिसत असतंच. मारुती चौकात आलं, टिळक चौकात आलं, स्टँडवर आलं, ते काय लपून राहतंय? पण गुडघाभर पाणी चढतं असलं तर एक घर असतं आणि उतरतं असलं तर दुसरं. चढत्या गुडघाभर पाण्यात माणूस धान्याचे डबे माळ्यावर टाकतो, गादीच्या गुंडाळ्या करतो, म्हातारीला आधी बाहेर काढायचं का टीव्ही, यावर भांडतो. उतरत्या गुडघाभर पाण्यात तोच माणूस पायरीवर बसून बिडी ओढतो. आमचे अण्णा खडू घेऊन बसायचे. २००५ च्या पुरात मी वीस वर्षांची होते, सगळं लख्ख आठवतंय. दारासमोरच्या सात पायऱ्यांपैकी तीन बुडाल्यावर त्यांनी चौथीच्या उभ्या अंगावर खडूची रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली, सव्वाचार. मग पावणेपाचची रेघ. मग साडेपाचची. दोन रेघांमधलं अंतर ते बोटांनी मोजायचे आणि आत ओरडून सांगायचे, “दोन बोटं!” आत आई पिठाच्या डब्यावर चढून अजून एक फळी मोकळी करायची. रात्री कधीतरी रेघ पाण्याच्या वर जशीच्या तशी राहिली, ओली झालीच नाही. अण्णांनी ते कुणाला ओरडून सांगितलं नाही. आत आले, पाय पुसले आणि चहा मागितला, त्यावरून आम्हाला कळलं.

अण्णा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्या वर्षी हरिपूरची हळदीची पेवं पाण्यात गेली. पेव म्हणजे जमिनीखालचा कोठार; माणूस दोरानं आत उतरतो, वर तोंड गवत-मातीनं बंद करतात, आत हळद वर्षानुवर्षं टिकते, किडा लागत नाही. तिच्यात पाणी शिरलं म्हणजे काय होत असेल, हे मी वासावरून ओळखते. ओला गाळ, ओलं गोणपाट आणि त्यात कुठंतरी कुजणारी हळद. तो वास मला रॉटरडॅमच्या भुयारी रेल्वेच्या एका जिन्यात पावसाळी दिवशी अर्धा क्षण आला होता. मी तिथंच थांबले, मागच्या माणसाची टक्कर झाली, त्यानं माझीच माफी मागितली.

तर ते चित्र. दोन फळ्या आहेत, प्रत्येक सव्वा मीटरच्या आसपास उंच, ओकच्या लाकडावर तैलरंगात काढलेल्या. क्षितिज बरंच वर ठेवलंय, त्यामुळे आपण एखाद्या मनोऱ्यावरून खाली बघतोय असं वाटतं. पाणी आणि हिरवे तुकडे, पुन्हा पाणी, आणि त्यातून वर आलेले चर्चचे मनोरे, घरांची छपरं. एकीकडे बांधाला पडलेलं खिंडार. एकीकडे दोर्द्रेख्तचा तट, आणि तिकडे निघालेली माणसं, होड्यांतून, चिखलातून, पाठीवर ओझी घेऊन. माणसं अगदी बारकी आहेत. वादळाची रात्र म्हणून सांगतात, पण चित्रात लख्ख दिवस आहे आणि पाणी बशीत ओतल्यासारखं शांत. कुणी छाती बडवत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, गावच्या जत्रेला निघालीत. आणि गावांना नावं आहेत. बुडालेल्या चर्चांपाशी त्या त्या गावाचं नाव बारक्या अक्षरांत लिहिलंय. वीलड्रेख्त हे त्यातलं एक. ज्या लोकांनी हे चित्र काढून घेतलं ते बहुधा वीलड्रेख्तमधून निसटलेल्यांचे वारस असावेत, असं मानतात.

गावांना नावं आहेत आणि चित्रकाराला नाही. कलेच्या इतिहासकारांनी अशा वेळी एक सोय काढलेली आहे. चित्रकाराचं नाव हरवलं की चित्राचंच नाव त्याला द्यायचं. म्हणून हा ‘संत एलिझाबेथच्या फलकांचा उस्ताद’. आईला हे सांगितलं तर तिला त्यात काही नवल वाटलं नाही. “मला नाही का गल्लीत सगळी वैशूची आई म्हणतात,” ती म्हणाली. खरंच, आमच्या गल्लीत आईचं नाव विचारलं तर चारातल्या तिघांना सांगता येणार नाही. रेशनकार्डावर आहे, तेवढंच.

या उस्तादानं हे चित्र १४९० ते १४९५ च्या दरम्यान केव्हातरी काढलं. म्हणजे पूर येऊन सत्तर वर्षं होऊन गेली होती. त्यानं पूर पाहिलेला नव्हता. ज्यांनी जाणतेपणी पाहिला होता, त्यांतलं कुणी उरलेलं असलंच तर ऐंशीच्या पुढचं, एखाद्या घराच्या कोपऱ्यात बसलेलं असणार. मला शाळेतली इंटरमिजिएटची परीक्षा आठवते. त्यात स्मरणचित्र नावाचा एक पेपर असायचा. आठवडी बाजार, बसस्टँड, पाणवठा असले विषय, समोर काही न ठेवता आठवणीतून काढायचे. आमचे चित्रकलेचे सर सरावाला एकदा ‘पूर’ म्हणाले. तोवर मोठा पूर मी पाहिला नव्हता. नदी दर पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या चढायची, तेवढीच ओळख. पण आजी १९१४ च्या पुराचं ऐकीव सांगायची, तिच्या आईकडून आलेलं, त्यातलं एक झाडावर अडकलेलं पाळणाघर, नव्हे, पाळणा, मला पाठ होता. मी झाड काढलं, पाळणा काढला, आणि खाली सगळीकडे निळा रंग भरून टाकला. सर म्हणाले, पुराचं पाणी निळं असतं होय गं? सांगलीची ना तू? मला तेव्हा फार लाज वाटली होती. या उस्तादाचंही पाणी मातकट नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. त्यानंही दुसऱ्याचं स्मरण काढलं होतं.

पाळण्याची गोष्ट इथंही आहे, गंमत बघा. त्या पुरात एक लाकडी पाळणा वाहत आला, आत तान्हं मूल, आणि पाळण्यावर एक मांजर. पाळणा एका बाजूला कलला की मांजर दुसऱ्या बाजूला उडी मारायची आणि तोल सावरायची. असं करत करत पाळणा बांधाला लागला, पोर कोरडं ठणठणीत. त्या जागेचं नाव किंडरडाइक, पोराचा बांध. आता पवनचक्क्या बघायला जग तिथं लोटतं. आईनं ही गोष्ट एकदा ऐकली आणि परत जाईपर्यंत ज्याला त्याला फोनवर सांगत होती, प्रत्येक वेळी मांजराला एक उडी जास्त.

पुराच्या आकड्यांचंही तसंच झालंय. जुन्या बखरी सांगतात, एका रात्रीत ७२ गावं बुडाली. आजचे अभ्यासक तितकी गावं धरत नाहीत, आणि एका रात्रीत तर नाहीच नाही. त्या रात्री बांध फुटला हे खरं. पण मग लोकांनी तो बांधायचा प्रयत्न केला, काहीजण परत गेले, चिखल उपसला, आणि तीनच वर्षांनी, १४२४ मध्ये, पुन्हा नोव्हेंबरातच दुसरा पूर आला. त्यानंतर कुणाच्यात जोर राहिला नाही. गावं बुडाली त्यापेक्षा हळूहळू सुटत गेली. आज या घरातला माणूस गेला, पुढच्या साली त्या. हे वाचताना मला आमची गल्ली दिसत होती. २००५ नंतर दोन बिऱ्हाडं विश्रामबागेकडे गेली, वर, उंचावर. २०१९ नंतर चार. घरं अजून आहेत, कुलपं लावलेली, आणि भिंतीवर रंगानं मारलेल्या रेघा: खालची २००५ ची, वरची २०१९ ची.

बांध का फुटला याचीही चर्चा इथं शेकडो वर्षं चाललीय. हॉलंडात तेव्हा दोन तट पडलेले होते, एकाचं नाव गळ, दुसऱ्याचं कॉड मासा. हे खरंच त्यांच्या पक्षांचं नाव, मी बनवत नाहीय. गळवाले आणि मासेवाले वर्षानुवर्षं एकमेकांचे गळे धरत होते. पुराच्या तीनच वर्षं आधी दोर्द्रेख्तला वेढाही पडून गेला होता. अशा दिवसांत बांधाची डागडुजी कुणी करायची आणि पैसे कुणी द्यायचे? शिवाय त्या भागात जमिनीतला पीट, म्हणजे दलदलीत कुजून साचलेला झाडपाल्याचा थर, खणून, जाळून, त्याच्या राखेतून मीठ काढायचा धंदा होता. खणता खणता लोक बांधाच्या पायथ्याशी पोचले. समुद्राला मग फार काही करावं लागलं नाही. यातलं काहीच चित्रात नाही. ना गळ, ना मासा, ना मिठाचा व्यापारी. मला सुरुवातीला याचा राग आला. आमच्याकडे पूर ओसरायच्या आत चहाच्या टपरीवर धरणांच्या दरवाजांचा हिशेब सुरू होतो, कुणी किती सोडलं, कुणी किती अडवलं, अलमट्टीचा फुगवटा कुठवर आला. हा बाबा मात्र नुसतं पाणी काढून बसला. मग वाटलं, त्यानं ते काढलं देवळासाठी. देवळात टपरीवरचं कोण काढून घेईल?

देवळासाठी म्हणजे दोर्द्रेख्तच्या मोठ्या चर्चसाठी. या फळ्या म्हणजे वेदीवरच्या चित्राची दारं होती. मिटली की बाहेरून पूर दिसायचा, उघडली की आत संत एलिझाबेथच्या आयुष्यातले प्रसंग. हंगेरीची ही राजकन्या चोविसाव्या वर्षी वारली, उभं आयुष्य गोरगरिबांना वाढण्यात घातलं. १९ नोव्हेंबर हा तेव्हा तिचा सण होता. पूर नेमका तिच्या दिवशी आला म्हणून पुराला तिचं नाव पडलं. आई चक्रावली. “जिच्या दिवशी बुडाले, तिलाच पूजतात?” विचारून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं. कारण कृष्णामाई दारात आली की तिची ओटी आईच भरते. खण, नारळ, हळद-कुंकू, पाण्यात पाय घालून. वाडीला, म्हणजे नरसोबाच्या वाडीला, पुराचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की तो सोहळा असतो, दक्षिणद्वार म्हणतात, लोक त्या पाण्यात आंघोळीला लांबून येतात. त्याच पाण्याची अजून दोन पुरुष उंची वाढली की तेच लोक होडीची वाट बघत गच्चीवर उभे असतात. हे दोन्ही एकाच आठवड्यात घडतं आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटत नाही. दोर्द्रेख्तच्या लोकांनाही वाटलं नसावं. एरवी दारं मिटलेली, म्हणजे रोज नजरेला पूर. सणासुदीला दारं उघडायची, मग एलिझाबेथ.

२०१९ च्या ऑगस्टात मी इथं होते. अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती, आई एकटी. आमचं घर रॉटरडॅमच्या ज्या भागात आहे तो समुद्रसपाटीच्या सहा मीटर खाली आहे. सुकलेला, फरसबंदी केलेला, ट्यूलिप लावलेला समुद्राचा, नाही, दलदलीचा तळ. तिथं बसून मी दर तासाला फोन करत होते आणि एकच विचारत होते. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. बावन्न झालं. चौपन्न झालं. पाणी चढतंय, ती सांगायची, आवाजात काही नाही, दूधवाला आला नाही हे सांगावं तसं. मग फोन बंद. एकोणीस तास. पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं हे मला बातम्यांतून कळलं. बाहेर ऊन होतं, आमच्या मागच्या कालव्यात बदकं पोहत होती, शेजारीण कुंड्यांना पाणी घालत होती. ही बाई झीलंडची. १९५३ च्या जानेवारीअखेरीस तिथं समुद्र आत आला, देशात १,८३६ माणसं गेली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिला मी सांगितलं तेव्हा तिनं झारी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली. काही बोलली नाही. तासभर तरी बसली असेल.

आईला जवानांनी होडीतून काढलं होतं. तिनं घाईत काय घेतलं असेल? देवीचा टाक, गॅसचं पुस्तक आणि टीव्हीचा रिमोट. टीव्ही पाण्यात, रिमोट कनवटीला. त्यावरून आम्ही अजून तिला चिडवतो आणि ती हसते, पण होडीतल्या प्रवासाबद्दल तिनं आजवर चार वाक्यांपलीकडे काही सांगितलेलं नाही. पाणी उतरल्यावर फोटोंचे अल्बम उघडले तर माणसं धुऊन गेली होती. कागद राहिला, साडीचा काठ राहिला, चेहऱ्यांच्या जागी पिवळे-गुलाबी डाग. माझ्या बारशाच्या फोटोत मला कुणी मांडीवर घेतलंय ते आता आईच्या सांगण्यावरच आहे. ती एकदा आत्या म्हणते, एकदा थोरली काकू.

त्या दिवशी म्यूझियममध्ये ती बारकी माणसं किती वेळ बघत होती! “ह्यानं काय उचललंय बघ की,” असं दोनदा म्हणाली. मला दिसेना. तिलाही दिसत नसावं, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. पण तिचं आपलं चालू. पाणी चढतं असलं की माणसं पाण्याकडं बघत चालतात, उतरतं असलं की घराकडं, हे तिनं मला तिथं शिकवलं. म्हणून तिला त्यांच्या माना बघायच्या होत्या. आणि माना कुठं वळल्यात हे कळावं एवढी ती मोठी काढलेलीच नाहीत.

मग एका रविवारी तिला बीसबॉसला नेलं. बीस म्हणजे लव्हाळं, बॉस म्हणजे रान. बुडालेल्या त्या मुलखाचं पुढं जे झालं ते हे. दोर्द्रेख्तच्या पलीकडून आवाज न करणारी बॅटरीची होडी मिळते. दोन्ही बाजूंना वाळुंजाची झाडं, पाण्यात वाकलेली, मध्येच बीव्हरनं कुरतडून पेन्सिलीसारखी टोकदार केलेली खोडं. बीव्हर इथले संपले होते, १९८८ पासून पुन्हा आणून सोडले. पाणी हिरवट, खालचं काही दिसत नाही. “गावं कुठायत?” आईनं विचारलं. मी खाली बोट दाखवलं. ती थोडा वेळ कडेवरून वाकून बघत राहिली. मग पर्समधून नाणं काढलं; आपल्याकडे रेल्वे पुलावरून जाताना नदीत टाकतात तसं. “हे केवढ्याचं?” एक युरो, मी म्हटलं, नव्वदेक रुपये. “अगं बाई!” म्हणून तिनं ते परत ठेवलं आणि शोधून शोधून दहा सेंटचं काढलं.

नावाडी एक तरुण पोरगी होती. तिला मी आईचा प्रश्न विचारला, जरा लाजतच. पूर आल्यावर इथलं पाणी पुढं उतरलं कधी? ती म्हणाली, उतरलं की, दिवसातून दोनदा. आणि दोनदाच चढलं. बांध फुटल्यावर हा मुलूख समुद्राच्या भरती-ओहोटीला मिळाला होता. रोज दोन मीटर वर, दोन मीटर खाली, साडेपाचशे वर्षं. १९७० मध्ये हारिंगफ्लीट या खाडीचं तोंड धरण घालून बंद केलं तेव्हा कुठं ही हालचाल मंदावली. मधल्या काळात कडेकडेनं लोकांनी बांध घालून थोडी थोडी जमीन परत मिळवली, शेतं केली, आणि अलीकडे त्यातला एक तुकडा नदीला जागा हवी म्हणून ठरवून पुन्हा पाण्याला देऊन टाकला. शेतकऱ्यांची घरं उंचवट्यांवर चढवली. हे मी आईला मराठीत सांगितलं. घरं चढवली म्हटल्यावर तिनं कान टवकारले. किती फूट चढवली, भराव मुरुमाचा का मातीचा, पैसे सरकारनं दिले का? नावाडी पोरीला यातलं निम्मं माहीत होतं, तेवढं तिनं सांगितलं. येताना गाडीत आई गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, आपल्या पायऱ्या सात आहेत, अजून चार घातल्या तर?

आई सांगलीला परत गेल्यावर मी एकटी जाऊन ते चित्र पुन्हा बघून आले. आता मला माहीत होतं की त्या उस्तादानं काढलेलं पाणी सत्तर वर्षांनीही तिथंच होतं. तो दोर्द्रेख्तच्या तटावर चढला असेल तर त्याला ते दिसत असणार, वाळलेल्या मनोऱ्यांचे खुंट बाहेर आलेले, भरतीला बुडणारे, ओहोटीला उघडे. स्मरणचित्र म्हटलं खरं मी, पण त्याच्या समोर मॉडेल होतं. फक्त माणसं त्यानं आठवणीतून आणून त्यात सोडली, आणि कुणीतरी सांगितली तशी गावांची नावं टिपून घेतली. कोणी सांगितली असतील? ऐंशीच्या पुढचं ते कोपऱ्यातलं माणूस डोळ्यांसमोर येतं. एकेक नाव घेतंय, हा ब्रश हातात धरून विचारतोय, ह्याच्या डावीकडे कुठलं? स्पेलिंगची खात्री दोघांनाही नाही. मी त्या नावांपाशी बराच वेळ उभी होते. माना कुठं वळल्यात ते तेव्हाही दिसलं नाही. पहारेकरी दोन पावलं पुढं आला.

परवा सकाळी फोन केला. तिकडे चार दिवस धो धो चाललंय.

“किती?” मी विचारलं.

“अडतीस. रात्री एकोणचाळीस होतं म्हणतात.”

“म्हणजे उतराय लागलंय.”

“आत्ता तरी. कोयनेतनं सोडल्यावर बघायचं.” मागं कुकरची शिट्टी झाली. “गवंडी येऊन गेला बरं का. अकरा पायऱ्या केल्या तर वरची पायरी दारात न येता खिडकीत येतीया म्हणतोय. दार वर घ्यावं लागंल. थांब, तिसरी झाली शिट्टी, गॅस बंद करते.”